ह्यांच्या वाटची चव

"काकू, राग मानू नका," मॅनेजर वाकून हळूच म्हणाला, "पण काकांना आम्ही नाही देऊ शकत. काका आधीच कुठूनतरी घेऊन आलेत."

मी त्याच्याकडे बघत राहिले. दाढी नीट कोरलेला, कमरेला काळा एप्रन बांधलेला तिशीतला मुलगा. वाईट नव्हता. शेजारच्या टेबलावर ऐकू जाऊ नये म्हणून आवाज दाबून बोलत होता. शेजारच्या टेबलावर कोणी नव्हतंच. भर दुपार, एवढा मोठा हॉल, त्यात आम्ही दोघं आणि लांब काचेपाशी लॅपटॉप उघडून बसलेला एक जण.

"काय घेऊन आलेत?" मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं.

त्याने अंगठा ओठांपर्यंत नेला आणि पटकन खाली घेतला.

मग उजेड पडला. मघाशी वेणीवाली एक मुलगी काय हवं ते विचारायला आली होती आणि हे तिच्याशी बोलले होते. आपण स्वतः बोलायचं, असं घरून ठरवूनच निघाले होते. 'ते फळीवरचे सहा लहान ग्लास असतात ना, ते द्या.' एवढंच वाक्य. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून पुटपुटत पाठ केलेलं. मला ते स्वच्छ ऐकू आलं. त्या मुलीला ऐकू आलं असेल ते जड, लोळणारं, शब्दाला शब्द चिकटलेलं काहीतरी. आणि तिला दिसली असेल ओठाच्या कोपऱ्यातून उतरलेली लाळ. ह्यांनी रुमाल काढेपर्यंत ती 'आले हं काका' म्हणून आत गेली, आणि आतून हा बाहेर आला.

हे पिऊन आले होते म्हणे. हे!

ह्यांनी उभ्या जन्मात थेंब घेतला नाही. साधुपुरुष होते अशातला भाग नाही, ड्रायव्हर होते. शहराच्या बसवर सगळी नोकरी गेली. रोज पहाटे डेपोत नळी तोंडात धरून यंत्रात फुंकायचं, यंत्र आकडा दाखवणार, मग हातात गाडीची चावी. आदल्या रात्री कुणाच्या लग्नात दोन घोट घेतलेला माणूससुद्धा सकाळी त्या आकड्यात सापडायचा आणि दिवसभर बाकावर माश्या मारत बसायचा. ह्यांचा आकडा रोज शून्य. इतका रोज, की डेपोत ह्यांचं नावच शून्य पडलं. शून्य आला का, शून्याची गाडी काढा, शून्याला चहा द्या. घरी येऊन हे कौतुकाने सांगायचे. मी म्हणायचे, नवऱ्याला शून्य म्हणतात, त्यात मी आनंद कसला मानू? तर म्हणायचे, "अगं, शून्याच्या पुढे कुणीतरी उभं राहिलं की त्याची किंमत वाढते. तू राहा उभी."

असं बोलायचे. फार बोलायचे. बसमध्ये ह्यांच्या डोक्यामागे पाटी होती, चालकाशी बोलू नये. ती पाटी पाळून दिवसभराचं जे काही आत साठायचं ते संध्याकाळी घरी घेऊन यायचे. दुसऱ्यांचे नवरे येताना भाजी आणतात, हे बोलणं आणायचे. बुटाची नाडी सोडता सोडता सुरुवात व्हायची, ती मी दिवा मालवला तरी अंधारात चालूच. अमुक स्टॉपवर चढलेली म्हातारी, तिच्या पिशवीतलं मांजर, पुलावर बंद पडलेली वरात. मी कणीक मळता मळता चिडवायचे,

बोलण्याची गाडी ह्यांची, तिला नाही कुठे थांबा
दोरी ओढून दमले मी, आता तरी जरा थांबा.

थांबायचे नाहीत. माझं आयुष्य त्या बोलण्याच्या उबेला बसून गेलं. मी शहर फारसं पाहिलं नाही, ते मला ऐकू आलं.

हे बिअरचं ठिकाण ह्यांच्या शेवटच्या मार्गावर उघडलं. इथेच बनवतात, इथेच पाजतात. रस्त्याकडे सगळी काच, आत माणसाहून उंच तांब्याच्या टाक्या. बरोबर समोर सिग्नल, तोही लांबलचक. रोज तिथे गाडी उभी राहिली की हे आत बघायचे. लोकांपुढे एक लाकडी फळी, तिच्यात भोकं, भोकांत सहा चिमुकले ग्लास. पहिला वाळल्या गवतासारखा पिवळा, शेवटचा काजळाइतका काळा, मधले चार उतरत्या उन्हासारखे. "सहाही चवी वेगळ्या असणार," घरी येऊन सांगायचे, "नाहीतर एवढे रंग कशाला घालतील?" मी म्हणायचे, बघा एकदा जाऊन. "चावी हातात आहे तोवर नाही. निवृत्त झालो की पहिलं हे."

निवृत्त झाले. मग लेकीचं बाळंतपण आलं, माझे गुडघे आले, घराची गळती आली. सहा ग्लास काही पळून जात नव्हते. मग जिभेच्या कडेला एक फोड आला. ना तंबाखू, ना विडी. एक दात तुटला होता, त्याची धार जिभेला घासायची. ह्यांनी तिकडे बघितलं नाही आणि मला काही सांगितलं नाही. जगातलं सगळं सांगणाऱ्या माणसाने हे तेवढं सांगितलं नाही.

परवा जीभ काढायची होती. पूर्ण. उद्या सकाळी भरती, लेक संध्याकाळच्या गाडीने येणार. डॉक्टर म्हणाले होते, भरतीपर्यंत त्यांना आवडेल ते द्या, आणि ते म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हा मला समजायचं ते समजलं. पुढे किती दिवस, हे मी विचारलंच नाही. ह्यांनी मात्र भलतंच विचारलं. डॉक्टरांना काही उमगलं नाही. मी सांगितलं, "बिअर चालेल का, म्हणतात." डॉक्टरांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाले, "दोनचार घोट. उगाच कशाला नाही म्हणू?"

आणि निघताना दारात ह्यांनी मला बजावलं होतं. तिथे आजाराचा शब्द काढायचा नाही. गिऱ्हाईक म्हणून जायचं, गिऱ्हाईक म्हणून यायचं. आतापर्यंत काय कमी जणांनी चुकचुक केली?

म्हणून मी मॅनेजरला एवढंच म्हटलं, "ते कधीच घेत नाहीत."

"काकू, घरचे सगळे असंच म्हणतात," तो म्हणाला. थट्टा नव्हती त्यात. रोज ऐकत असेल बिचारा. "आमचा नियम आहे. तुमच्यासाठी सरबत आणू का थंडगार?"

तेवढ्यात हे बोलले. ताठ बसून, दोन शब्द. मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणतात?"

"मशीन आणा, म्हणतात."

"कसलं मशीन?"

ह्यांनी दाराकडे बोट केलं. तिथे पहारेकऱ्याच्या खुर्चीशेजारी भिंतीला ते टांगलेलं होतं. परत गाडी चालवत जाणाऱ्यांनी हवं तर फुंकून बघावं म्हणून ठेवलेलं. आत शिरल्या शिरल्या ह्यांच्या नजरेने ते टिपलं असणार. जुना मित्र भेटावा तसे हे त्याच्याकडे बघत होते.

मॅनेजर हसला. "काका पक्के आहेत. आणतो." आणि घेऊन आला. नवी नळी लावली, ह्यांच्या हातात दिलं. हे खुर्चीवरून उठले. डेपोत उभं राहूनच फुंकायची पद्धत. शर्ट खाली ओढला, पाय जुळवले, नळी तोंडात धरली.

ओठ मिटले नाहीत.

एका बाजूची जीभ सुजून दाताबाहेर आलेली, तिच्यावर ओठ बसेना. हवा नळीत कमी आणि गालातून जास्त. यंत्राने चिर्र केलं आणि गप्प झालं.

"काका, जोरात. एका दमात."

पुन्हा फुंकलं. कपाळाची शीर उठली. फुस्स आवाज झाला, लाळ हनुवटीवर आली. यंत्र पुन्हा चिर्र. मी पुढे होऊन रुमालाने त्यांचे ओठ नळीभोवती दाबून धरले. असं मी कधी केलं नव्हतं, चारचौघांत त्यांच्या तोंडाला हात लावणं. तिसऱ्यांदाही तेच. शून्यसुद्धा आलं नाही.

"अर्धवट फुंकलं की आकडा येत नाही," मॅनेजर सुस्कारा टाकून म्हणाला. "ही युक्ती सगळे करतात, काका. जाऊ द्या ना, घरी जा, आराम करा."

ह्यांनी यंत्र टेबलावर ठेवलं. फार जपून, काचेचं असावं तसं. खाली बसले आणि माझ्याकडे बघितलं नाही. आयुष्यभर ज्या एका गोष्टीवर हा माणूस ताठ चालला, ती एका दुपारी, एका परक्या पोरासमोर हातातून गेली.

मग मी बोलले. दारातलं बजावणं मोडून बोलले.

"त्यांच्या जिभेला कॅन्सर आहे. परवा जीभ काढणार आहेत. बोलणं म्हणून असं येतं. फुंकता म्हणून येत नाही. ते बसचे ड्रायव्हर होते, आणि तुमचे ते सहा ग्लास ते रोज सिग्नलवरून बघायचे. एवढंच आहे."

मॅनेजर सरळ उभा राहिला. त्याचं तोंड एकदम लहान मुलासारखं झालं. "काकू, मला..." एवढंच म्हणाला. यंत्र उचलून पाठीमागे लपवलं. मग त्याचंही अवघड वाटून आत निघून गेला.

हे टेबलाच्या लाकडावर नख फिरवत होते.

"रागावलात?" मी विचारलं.

"संपलं गिऱ्हाईकपण," हे म्हणाले.

फळी आली. वेणीवाल्या मुलीने दोन्ही हातांनी आणली, एखादं झोपलेलं बाळ आणावं तशी. डोळे लाल होते तिचे. आत सांगितलं असणार. "ही आमच्याकडून, काका," ती म्हणाली. ह्यांनी मान हलवली, ठाम, आणि हवेत बोटाने बिल लिहिल्याची खूण केली. ती बरं म्हणाली. एवढं तरी राहिलं.

ती एकेका ग्लासाची माहिती सांगू लागली. हा हलका, हा गव्हाचा, ह्यात कडवटपणा जास्त, हा तांबडा, हा आंबट, हा शेवटचा काळा, भाजलेल्या धान्याचा. डावीकडून उजवीकडे घ्यायचे, काळा आधी घेतला की बाकीच्यांची चव मरते. हे शाळेतल्या मुलासारखे ऐकत होते. काचेतून येणारं ऊन त्या सहा ग्लासांतून टेबलावर उतरलं होतं, सहा रंगांची सहा लहान डबकी. मला वाटलं, नुसतं हेच बघून उठावं.

ह्यांनी पहिला ग्लास घेतला. हात स्थिर होता. घोट घेतला आणि डोळे गच्च मिटले. टेबलाची कड धरलेल्या बोटांची पेरं पांढरी झाली. बिअरचे बुडबुडे उघड्या मांसावर गेले होते.

"पुरे," मी म्हटलं. "ठेवा ते."

मान हलवली. थांबले, श्वास खाली बसू दिला. मग शहाणपणा केला. दुसरा ग्लास उचलून गोल गोल फिरवत बसले, बुडबुडे मरेपर्यंत. निखाऱ्यावर फुंकर घालावी तसं त्याच्यावर अधूनमधून वाकून बघायचे. मग घोट घेतला, तोंडात धरला, मान एका बाजूला केली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. कितीतरी वर्षांचा सिग्नल सुटायचा होता.

गिळलं. ग्लास खाली ठेवला.

"कशी आहे?"

"पाणी."

"म्हणजे पातळ?"

"पाणी," हे म्हणाले. तिसऱ्यात बोट बुडवून जिभेला लावून पाहिलं. चौथ्यात. "पाणी. सगळं पाणी."

मला थोडा वेळ लागला. "चव लागत नाही?"

नाही.

"कधीपासून?"

हात हलवला. बरेच दिवस झाले, असा.

"पण गेल्या रविवारी तर म्हणालात, मीठ जास्त पडलं म्हणून!"

हे हसले. त्या तोंडाने जेवढं हसता येतं तेवढं. मग सावकाश, एकेक शब्द धुऊन ठेवावा तसे म्हणाले, "रोज छान म्हटलं असतं, तर तुला संशय आला असता."

रविवारी त्या मिठावरून मी रुसले होते. मग दुसऱ्या दिवशी कमी घातलं, तर म्हणाले, आज बरोबर. मी खूश झाले होते.

त्यांनी फळी माझ्याकडे सरकवली.

"तू घे."

"मी? काहीतरीच. मी कधी..."

"मी तरी कधी? घे. माझ्या वाटची. आणि सांग."

मुलगी जरा अंतरावर उभी होती. तिच्याकडे बघून मी लाजले, म्हातारपणी लाजले. मग पहिला ग्लास उचलला आणि औषध घ्यावं तसा घोट घेतला.

"काही नाही हो. पाव भिजवलेलं पाणी."

"नीट सांग."

पुन्हा घेतला. "बरं. बागेत गवत कापतात ना सकाळी, त्याचा वास आहे. मागून भाजल्या पिठाचा. आणि नाकाला झिणझिण."

हे डोळे मिटून ऐकत होते. मान हळू हलली. पुढे.

"ह्यात संत्र्याची साल आहे. सोलताना नखात जाते ती. आणि केळं. ह्यात केळं कुठून आलं गं?" मी मुलीला विचारलं.

"केळं घातलेलं नाही काकू, ते तसं आपोआप येतं," ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

तिसऱ्याला मी तोंडच वाकडं केलं. "शी. कडू."

"कसलं कडू?"

"लिंबाची बी चावली जाते, तसलं. आणि जात नाही. आत बसून राहतं. आपलं भांडण झालं की तुम्ही खिडकीत बसून राहायचात, तसं."

"मी?" हे म्हणाले. "तू बसायचीस."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी तिला ते सांगितलं. तिघंही हसलो. हसताना ह्यांनी गाल हाताने धरून ठेवला होता.

चौथा साखर करपल्यासारखा होता. लेकीच्या वाढदिवसाला मी पाक जाळला होता, त्या कढईसारखा. पाचवा विसरलेल्या दह्यासारखा आंबट, दात शिवशिवणारा. मला डोक्यात हलकं वाटू लागलं होतं, आणि जीभ सुटली होती. मीच बोलत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी बोलत होते आणि हे ऐकत होते, हनुवटी तळहातावर टेकवून. कुठेतरी मला ते सुख वाटलं, आणि वाटल्याची भीती वाटली. परवानंतर हे असंच राहणार होतं. मी बोलणार, हे ऐकणार. रोज. जेवढे रोज उरलेत तेवढे.

शेवटचा, काळा. मी घोट घेतला आणि थांबले.

"सांग ना," हे म्हणाले.

"थांबा. ही सोपी नाही." पुन्हा घेतला. "कडू आहे, पण मघासारखी नाही. धूर आहे. विझलेला. आणि... भर उन्हाळ्यात एकदम सर येऊन गेली की डांबरी रस्ता वाफ टाकतो ना? तो वास. ओलं, गरम, काळं. गाडीच्या चाकांना लागून येतं तसं. आणि सगळ्यात शेवटी, अगदी शेवटी, जरासं गोड."

ह्यांनी डोळे उघडले. तो रस्ता त्यांच्या ओळखीचा होता. त्यांनी माझा हात धरला, टेबलावर, त्या मुलीदेखत, आणि काहीतरी बोलले. लांबलचक बोलले. पाचसहा शब्दांचं पूर्ण वाक्य.

मला कळलं नाही.

पहिला शब्द 'तू' होता, एवढं कळलं. पुढचं सगळं एकात एक गुंतलेलं, ओल्या कापडाचा पिळा. जीभ दमली होती, बुडबुड्यांनी सोलवटली होती. की माझेच कान त्या सहा ग्लासांनी जड झाले होते? इतके दिवस डॉक्टरांना, लेकीला, जावयाला, फोनवरच्या पाहुण्यांना मीच सांगत आले, हे काय म्हणतात ते. कधी अडले नव्हते.

"काय म्हणालात?"

हे पुन्हा बोलले. हळू, सावकाश, माझ्या डोळ्यांत बघून. मी त्यांच्या ओठांकडे बघितलं, गळ्याकडे बघितलं. 'तू.' त्याच्यापुढे धुकं.

"काय म्हणाले काका?" मुलीने विचारलं. ती माझ्याकडे बघत होती, मघापासून बघत होती तशीच विश्वासाने.

"छान आहे, म्हणाले," मी तिला सांगितलं. आणि ह्यांच्याकडे वळून म्हटलं, "हो. हो ना."

ह्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात माझं खोटं ह्यांच्यापासून कधी लपलं नव्हतं, तेही लपलं नाही. वाक्य तिसऱ्यांदा उच्चारलं नाही. माझा हात सोडला, आणि अरुंद रस्त्यावर ड्रायव्हर खिडकीतून हात काढून मागच्या गाडीला वाट देतो, तसा स्वतःचा हात सावकाश हलवला. जा. जा पुढे.